सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत कोणालाही न कळवता संपू देण्याबाबत

प्रति,
मा. अधिकारी,
नूतनीकरण व ग्राहक-सूचना विभाग,
(आमच्या कुटुंबाची दोन ऑनलाइन दुकाने जिच्या सर्व्हरवर होती व त्यांपैकी एक अजून आहे, ती) होस्टिंग कंपनी.

अर्जदार : बटणांच्या दुकानाची मालकीण.

विषय : चेनच्या दुकानाच्या संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र येत्या शनिवारी सकाळी संपत असून, त्याच दिवशी दुपारचे व्याख्यान पार पडेपर्यंत ते संपलेलेच राहू देण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयातील बाईंचा मला आलेला फोन.
२) आपण वेळोवेळी पाठवलेली स्मरणपत्रे (सर्व न उघडता काढून टाकलेली).

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक सादर करते की, आपल्या कार्यालयातील एका बाईंनी गेल्या आठवड्यात मला फोन केला आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाल्या, "मॅडम, चेनच्या दुकानाचं सर्टिफिकेट संपत आलंय. इतक्या मेल पाठवल्या, तुम्ही एकही उघडलेली नाही. म्हटलं, आपणच फोन करून सांगावं." कोणी सांगितले नसताना एखाद्याच्या दुकानाची एवढी काळजी करणारी माणसे हल्ली कमी झाली आहेत. बाईंचा हेतू चांगला होता, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तो चांगला हेतू शनिवारी दुपारपर्यंत आवरून धरावा, एवढ्यासाठीच हा अर्ज आहे.

अर्ज विचित्र वाटेल याची मला कल्पना आहे. म्हणून सर्व हकिगत क्रमाने मांडते.

१. आमचे शिवणसाहित्याचे दुकान सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. त्यात माझे यजमान बटणे सांभाळत आणि माझे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, चेन सांभाळत. (चेन म्हणजे पँटला आणि पर्सला लागते ती. सोन्याची नव्हे. भाऊजींचा तोरा पाहून काही नवीन गिऱ्हाइकांचा तसा समज होतो, म्हणून खुलासा.) यजमान गेल्यावर दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत घातली गेली. बटणे माझ्याकडे आली, चेन भाऊजींकडे राहिली. प्लायवूड पातळ आहे. पलीकडे कोणी शिंकले तरी इकडे कळते.

माझे काम जुळणीचे आहे. कोटाचे एक बटण हरवते आणि बाकीची उरतात. गिऱ्हाईक उरलेल्यांपैकी एक मला पाठवते आणि मी खिडकीपाशी उजेडात धरून त्याचा जोडीदार शोधते. रंग, छिद्रे, जाडी, कडेची घडण, मागे कडी असली तर तिचा बाक, हे सारे जमावे लागते. लोक कोणाच्या वडिलांच्या कोटाचे, कोणाच्या आईच्या स्वेटरचे बटण पाकिटात घालून मला पाठवतात ते केवळ विश्वासावर. माझ्या दुकानात विश्वास सोडला तर फारसे काही भारी नाही. हे वाक्य कृपया ध्यानात ठेवावे, कारण पुढचे सगळे त्यावर आहे.

२. रस्त्यावरून येणारे गिऱ्हाईक आटले तेव्हा दुकान ऑनलाइन न्यायचे ठरले. मी माझ्या परीने होस्टिंगची, म्हणजे दुकान ठेवायला सर्व्हरवर जागा घेण्याची, चौकशी सुरू केली होती. जागा किती लागेल, दुकान बंद पडले तर फोन कोण उचलेल, प्रमाणपत्र वेगळे घ्यावे लागेल की जागेबरोबरच मिळेल, असे प्रश्न एका कागदावर काढून ठेवले होते. भाऊजींनी तो कागद घडी करून पेल्याखाली ठेवला.

भाऊजींना आमच्या नात्यागोत्यात सगळे 'एक्स्पर्ट' म्हणतात. शेजाऱ्यांचा बंद पडलेला टीव्ही त्यांनी एकदा चालू करून दिला होता, तेव्हापासून हे नाव पडले आणि तेव्हापासूनच कोणाच्या घरातले यंत्र सुरक्षित राहिलेले नाही. एक्स्पर्टांचे शब्द जसेच्या तसे देते : "वहिनी, तुम्हाला बटणं विकायचीत, क्षेपणास्त्रं नाही. वेगळं होस्टिंग कशाला? माझ्या जागेत तुम्हाला एक कोपरा देतो." अशा रीतीने माझे दुकान त्यांच्या खात्यात गेले आणि मी आपल्या कंपनीची गिऱ्हाईक झाले. कोपरा हा शब्द त्यांनी पुढे प्रत्येक लग्नकार्यात वापरला.

३. आता मुद्द्याची गोष्ट. आपल्या कंपनीत प्रमाणपत्र आपोआप नवे होण्याची सोय आहे. एका चौकटीत खूण केली की झाले. भाऊजींनी दोन्ही दुकानांची ती खूण काढून टाकली. "आपोआप काही होऊ द्यायचं नसतं, वहिनी. कंट्रोल आपल्या हातात पाहिजे," असे ते म्हणाले. मग आपली मुदतीची स्मरणपत्रे कोणत्या पत्त्यावर पाठवायची, असा प्रश्न पडद्यावर आला. स्वतःच्या मेलमध्ये कचरा नको म्हणून दोन्ही दुकानांसाठी त्यांनी माझा पत्ता आणि फोन नंबर भरला. आणि मला बजावले, "या कंपनीच्या मेल येत राहतील. सगळ्या फालतू असतात. उघडायच्या नाहीत, सरळ काढून टाकायच्या. एखादी उघडलीत आणि भलतंच काही दाबलंत, तर मला निस्तरावं लागेल."

मी सांगितलेले ऐकणारी बाई आहे. मी एकही उघडली नाही.

४. परिणाम काय झाला ते आपणास सांगायला नको, तरी सांगते. ऐन थंडीत, म्हणजे लोक कपाटातले कोट बाहेर काढतात आणि त्यांची बटणे हरवल्याचे त्यांना समजते त्या दिवसांत, माझ्या दुकानाचे प्रमाणपत्र संपले. दुकान उघडायला जावे तो समोर लाल खूण आणि मजकूर, की ही जागा सुरक्षित नाही, येथे आपली माहिती चोरली जाण्याची शक्यता आहे.

महोदय, माझ्या दारावर जणू कोणी 'येथे चोर राहतात' अशी पाटी ठोकली. मला पहिला फोन आला तो नाटकांचे पोशाख शिवणाऱ्या वयस्कर शिंपीकाकांचा. ते माझे सर्वांत जुने गिऱ्हाईक. त्यांना बोलताना संकोच होत होता. म्हणाले, "वहिनी, कॉम्प्युटर काहीतरी भलतंच म्हणतोय तुमच्याबद्दल. मी नाही हो विश्वास ठेवला. पण सूनबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, बाबा, यापुढे तिथून काही मागवू नका." काकांनी माफी मागितली. त्यांनी माझी माफी मागितली, याची मला जास्त लाज वाटली. त्यानंतर बरेच फोन आले आणि मग यायचे थांबले.

मी प्लायवूडच्या पलीकडे गेले आणि भाऊजींना विचारले. त्यांनी मान वर न करता विचारले, "मेल आल्या असतील ना? वाचायच्या नाहीत का, वहिनी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अद्याप खाली आलेली नाही.

त्याच आठवड्यात चेनच्या दुकानाच्या पहिल्या पानावर एक नवी ओळ झळकली : 'आमच्याकडे बटणेही मिळतील.' जुळणी वगैरे काही नाही, डझनाच्या हिशेबाने भरलेली प्लास्टिकची पुडी. नातेवाइकांत मात्र असे पसरवले गेले, की वहिनींना ऑनलाइन जमले नाही, बिचाऱ्यांचे वय झाले, त्यांची गिऱ्हाइके भाऊजींनी मोठ्या मनाने सांभाळून घेतली. हा मोठेपणा मी मूग गिळून पाहत राहिले.

५. नंतर मी माझे दुकान आपल्या कंपनीतून हलवले. यात आपल्यावर राग नाही, हे स्पष्ट करते. पेल्याखालचा कागद उलगडला आणि एकेका कंपनीला फोन करत सुटले. प्रत्येकीला एकच गोष्ट विचारली : "माझं प्रमाणपत्र संपायला आलं आणि मी झोपून राहिले, तर तुम्ही काय कराल?" एकीने मला यंत्राच्या हवाली केले व यंत्राने गाणे ऐकवले. दुसऱ्या कंपनीच्या विक्रेत्याने मला सर्वांत भारी प्रमाणपत्र घ्यायचा आग्रह केला. त्यात म्हणे कंपनीची सगळी कागदपत्रे तपासतात. मी विचारले, गिऱ्हाइकाच्या पडद्यावर त्याने काय वेगळे दिसेल? तो म्हणाला, "तसं बघायला गेलं तर पत्त्याशेजारचं छोटं कुलूप सारखंच दिसतं, मॅडम." प्रामाणिक मनुष्य होता, पण माझ्याकडून त्याला काही मिळाले नाही. मी शेवटी साधेच प्रमाणपत्र घेतले, जे दुकानाचे नाव तपासते, देवघेव झाकून ठेवते आणि वेळ आली की माझ्या परवानगीची वाट न पाहता स्वतःच नवे होते. माझ्या बटणांना तेवढे पुरते. दुकानाची एक प्रत रोज दुसरीकडे ठेवली जाते, हेही मी विचारून घेतले. तिथे फोनवर माणूस असतो. त्या माणसाला खोकला आहे, पण माणूस आहे.

आता माझ्या दुकानाचे कुलूप जागेवर आहे. शिंपीकाकांच्या सूनबाईंना मी स्वतः घरी जाऊन दाखवले. गिऱ्हाइके एकेक करून परतत आहेत. तात्पर्य, मला आपल्याकडून स्वतःसाठी काहीही नको आहे.

६. मग हा अर्ज का, असे आपण विचाराल. येत्या शनिवारी दुपारी आमच्या शिवणसाहित्य विक्रेत्यांच्या संघटनेच्या हॉलमध्ये भाऊजींचे व्याख्यान आहे. विषय : 'आपले ऑनलाइन दुकान सुरक्षित कसे ठेवाल?' झाडून सगळे व्यापारी, शिंपी, त्यांची मुले-सुना येणार आहेत. मोठा पडदा लावणार आहेत. भाऊजींनी नवा शर्ट शिवून घेतला आहे. त्याला बटणे आहेत, पण ती माझ्याकडची नाहीत.

या व्याख्यानाची तालीम रोज दुपारी, दुकान जेवणासाठी बंद असते तेव्हा, प्लायवूडच्या पलीकडे चालते. भाऊजी बोलतात आणि माझ्या धाकट्या जाऊबाई कॉम्प्युटरवर चित्रे पुढे सरकवतात. मी मुद्दाम कान लावून ऐकत नाही. प्लायवूडविषयी वर लिहिलेच आहे; त्याला एक फटही आहे, एवढे लिहायचे राहिले.

पहिले चित्र भाऊजींचे आहे. दुसरे चित्र 'आमची टीम' या मथळ्याचे आहे आणि त्यात भाऊजी, त्यांची खुर्ची आणि एक कुंडी आहे. तिसरे चित्र माझ्या दुकानाचे आहे.

होय. थंडीत माझ्या दुकानावर ती लाल खूण आली होती, तेव्हा भाऊजींनी तिचा फोटो काढून ठेवला होता. मदत करायला वेळ नव्हता, फोटो काढायला होता. वर दुकानाचे नाव स्वच्छ वाचता येते. त्या चित्रापाशी भाऊजी काठी टेकवून म्हणतात, "हे आमच्या घरातलंच उदाहरण. नाव घेत नाही. वेळच्या वेळी मेल न वाचल्याने काय होतं, ते बघा." इथे ते थोडे थांबतात. ही जागा त्यांनी लोकांच्या हसण्यासाठी ठेवली आहे. तालमीत हसायला कोणी नसल्याने ते स्वतः हसून दाखवतात. त्यानंतर म्हणतात, "आणि आता आमचं दुकान थेट उघडून बघू. कुलूप कसं दिसतं, नीट बघा."

ज्या लोकांमध्ये मी उभे आयुष्य काढले, ज्यांच्या हातात माझ्या दुकानाचे नाव आहे, त्या सर्वांसमोर मला पुन्हा एकदा चोर ठरवून, त्यावर हशा पिकवून, मग स्वतःचे कुलूप दाखवायचे, असा हा बेत आहे. व्याख्यान रद्द करा म्हणून मी संघटनेकडे गेले असते, तर 'वहिनींचा जळफळाट' असे म्हणून सगळे मोकळे झाले असते. म्हणून मी गप्प राहिले. आणि त्याच सुमारास आपल्या बाईंचा फोन आला.

महोदय, तारीख मी ठरवलेली नाही. प्रमाणपत्र आपण दिले, व्याख्यान संघटनेने ठेवले, चौकटीतली खूण भाऊजींनी काढून टाकली, पत्ता भाऊजींनी भरला आणि मेल न उघडण्याची आज्ञाही भाऊजींचीच आहे. मी फक्त आज्ञेत आहे.

७. तरी खालीलप्रमाणे विनंती आहे :

अ) शनिवारी दुपारपर्यंत भाऊजींना फोन, संदेश, टपाल अथवा निरोप्यामार्फत काहीही कळवू नये. मला मात्र स्मरणपत्रे खुशाल पाठवावीत. मी ती नेहमीप्रमाणे न वाचता काढून टाकीन.

आ) जुन्या गिऱ्हाइकांना मुदतीनंतर सवलत म्हणून थोडे दिवस देण्याची आपली काही पद्धत असल्यास, ती या वेळी कृपया लागू करू नये. भाऊजींना फुकट काही घेतलेले आवडत नाही, असे ते स्वतः सांगतात.

इ) लाल खुणेखालचा मजकूर मोठ्या अक्षरांत करता येईल काय? शेवटच्या रांगेत काही मंडळींना कमी दिसते. हे आपल्या हातात नसून ब्राउझरवाल्यांच्या हातात असल्यास, त्यांचा पत्ता द्यावा. मी त्यांना वेगळा अर्ज करीन.

ई) त्या वेळी आपले सर्व्हर मात्र चालू असावेत. काहीच उघडले नाही तर लोक म्हणतील इंटरनेट गेले, आणि एक्स्पर्ट त्यावर निभावून नेतील. दुकान उघडले पाहिजे आणि लाल उघडले पाहिजे. हॉलमधील इंटरनेट चालते की नाही, हे मी तेथील रखवालदाराकडून पाहून घेतले आहे. त्या बाजूने आपण निश्चिंत असावे.

उ) व्याख्यान संपल्यावर भाऊजी आपल्याकडे फोन करतील आणि सूचना कोणाला पाठवल्या, असे ओरडून विचारतील. आपल्या बाईंनी घाबरू नये. माझे नाव सांगावे, सगळ्या मेल मला आल्या होत्या असेही सांगावे, आणि शक्य झाल्यास त्यांना विचारावे, "मेल आल्या असतील ना? वाचायच्या नाहीत का, साहेब?" हे आपल्या नियमांत बसत नसेल तर आग्रह नाही. पण बसवता आले तर बसवावे.

त्यानंतर ताबडतोब प्रमाणपत्र नवे करून द्यावे. मला त्यांचे दुकान बुडवायचे नाही. त्या दुकानावर जाऊबाईंचे घर चालते. मला फक्त तो पडदा एकदा लाल झालेला, आणि त्याच्यासमोर काठी घेऊन उभे असलेले भाऊजी, पाहायचे आहेत. मी याला सूड म्हणते. दुसरे काही गोंडस नाव सुचत असल्यास आपण कार्यालयीन नोंदीत ते घालावे.

८. या सगळ्यात एक अडचण होती आणि ती आपल्यापासून लपवणे योग्य नाही. चेनचे दुकान रोज सकाळी भाऊजी उघडून पाहत नाहीत. ऑर्डरी पाहणे, पाकिटे भरणे, चिकटवणे, पत्ते लिहिणे, हे सारे जाऊबाई करतात. शनिवारी सकाळी लाल खूण प्रथम त्यांना दिसणार आणि नवऱ्याला सांगणे हे त्यांचे काम. त्यांच्या नकळत त्यांच्या घरावर हे आणणे मला पटेना. दोन दिवस हा अर्ज मी बटणांच्या खणात ठेवून दिला होता.

शेवटी काल दुपारी, भाऊजी शर्ट आणायला गेले असताना, मी प्लायवूडच्या पलीकडे गेले आणि अर्ज जाऊबाईंच्या हातात दिला. म्हटले, वाच, आणि फाडायचा असेल तर फाड. त्या पाकीट चिकटवत होत्या. हात पुसून त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. कुंडीच्या ओळीवर परत गेल्या आणि ती पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "ताई, त्या फोटोत मीपण होते. खुर्चीच्या मागे. कापलं मला." मला हे माहीत नव्हते. त्या म्हणाल्या, "पेन द्या."

त्यांनी लिहिलेले खाली जोडले आहे. सदर मजकुरात मी एक अक्षरही बदललेले नाही. तरी माझ्या, आणि आता आमच्या, अर्जाचा सहानुभूतीने विचार व्हावा.

आजवर आपल्याकडून आलेला प्रत्येक मजकूर न वाचल्याबद्दल दिलगीर असलेली,
आपली नम्र,
(सही)
बटणवाल्या वहिनी
दिनांक : व्याख्यानाच्या आधीचा मंगळवार

सोबत : १) व्याख्यानाच्या जाहिरातीची प्रत. २) माझ्या नव्या दुकानाच्या कुलपाचे चित्र, केवळ माहितीसाठी.

धाकट्या जाऊबाईंचे निवेदन :

मी वरचा अर्ज वाचला. सगळं खरं आहे. शनिवारी सकाळी दुकान मीच उघडून बघेन आणि कॉम्प्युटर बंद करून ठेवेन. ह्यांना सांगणार नाही. ताईंनी लाल अक्षरं मोठी मागितलीत, त्याची गरज नाही, ती मोठी करायचं बटण कुठे असतं ते मला ठाऊक आहे. व्याख्यानात हे फक्त बोलणार आहेत. माऊस माझ्या हातात आहे.

(सही)